ही जागा कोणाची?

(दृश्य : अनवाणी पाय. गालिच्यावर नारिंगी रंगाची धातूची डबी. अंगठा खाली येतो.)

हा अंगठा नीट पाहून ठेवा.

इथे जॅमरूममध्ये, म्हणजे बँडच्या तालमीच्या खोलीत, चपला दाराबाहेर काढायच्या असतात, आत गालिचा आहे. त्यामुळे गिटारवाला पेडल अंगठ्याने दाबतो. ही नारिंगी डबी म्हणजे बॉस कंपनीचं डीएस-वन, 1978 पासून मिळणारं, नवशिक्यालाही परवडणारं डिस्टॉर्शन पेडल. एकदा दाबलं की गिटारचा आवाज फाटतो. पुन्हा दाबलं की स्वच्छ.

(दृश्य : गॅरेजचं शटर अर्धं खाली. भिंतीवर अंड्यांचे ट्रे, जुन्या सतरंज्या.)

पुणे, कर्वेनगर. एका बंगल्याचं गॅरेज. चौघांचा बँड, एक टेबलफॅन, आणि केबली जोडून होईपर्यंत रंगणारा तो जुना वाद : गेल्या चाळीस वर्षांत सगळ्यात जास्त प्रभाव कोणत्या रॉक बँडचा?

गायक म्हणतो, मेटालिका. 30 ऑक्टोबर 2011 ला बंगलोरच्या पॅलेस ग्राउंड्सवर मेटालिका वाजली तेव्हा त्याचा दादा तिथे होता. घरी आला तेव्हा दादाचा आवाज पार बसला होता, हे तो आजही अभिमानाने सांगतो. बेसवाला म्हणतो, रेडिओहेड. ड्रम्सवर बसलेली मुलगी मान वर न करता म्हणते, "निर्वाणा. विषय संपला."

गिटारवाला काही बोलत नाही. तो तारा लावतोय.

माझं मत मी आधीच सांगून टाकते. माझं उत्तर पिक्सीज.

(दृश्य : गिटारच्या खुंट्या. तार ताणली जाते.)

किती तबकड्या खपल्या, मैदानात किती माणसं मावली, यावरून लोकप्रियता कळते. प्रभाव मोजायचं माप मात्र आपल्या घरात आधीपासून आहे. गाण्याच्या बैठकीला एखादा म्हातारा श्रोता मांडीवर थाप देऊन म्हणतो, "ही जागा त्यांची!" गाणारा वेगळा, राग वेगळा, पण घेतलेली जागा कोणाकडून आली ते त्याला कळतं. रॉकमध्येही जागा असतात. गाण्यात आवाज कुठे खाली उतरतो, कुठे अंगावर येतो, ही एक जागा. आज जगभरच्या गॅरेजांमध्ये ती घेतली जाते. ती कुठून आली, ते शोधू.

(दृश्य : ड्रम्सवरची मुलगी. हातात काठ्या. क्लोज-अप.)

सुरुवात हिच्या निर्वाणापासून करू. "स्मेल्स लाइक टीन स्पिरिट", 1991. आधी चार कॉर्ड, म्हणजे एकत्र छेडलेले सूर, एकट्या गिटारवर, स्वच्छ. मग ड्रम्स कोसळतात आणि त्याच कॉर्ड फाटक्या आवाजात येतात. आणि कडवं? आता ऐका. गिटार जवळजवळ गायब. खाली बेस, ड्रम्स, आणि वर दोन सूर, थेंब पडावेत तसे.

तिचा डावा पाय पाहा. कडव्यात हायहॅटच्या दोन थाळ्या घट्ट मिटलेल्या, आवाज टिक-टिक. धृपद आलं की पाय उचलला, थाळ्या उघडल्या, सगळी खोली भरली. तिकडे अंगठा पेडलवर, इकडे टाच हवेत, दोन्ही एकाच मात्रेवर. हे जमवायला या दोघांना तीन महिने लागले. अर्धी मात्रा जरी मागेपुढे झाली तरी गाणं पडतं.

असं का करायचं? कारण कान सरावतो. डिस्टॉर्शन सतत चालू ठेवा, थोड्याच वेळात तो आवाज मोठा वाटेनासा होतो. तोच आवाज कुजबुजीनंतर आला की छातीवर बसतो. मोठेपणा अँपच्या बटणात नसतो, आधीच्या शांततेत असतो.

(दृश्य : मुलगी बोलतेय. मागे पंखा.)

तिने सांगितलेली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. या गाण्याच्या सुरुवातीचे ते ठोके निर्वाणाच्या ड्रमवादक डेव्ह ग्रोलने गॅप बँड, कॅमिओ या बँडांच्या फंक आणि डिस्कोतून, म्हणजे नाचाच्या संगीतातून, उचलले, आणि ते त्याने स्वतः कबूल केलंय. म्हणजे जागा एका वाड्यातून दुसऱ्या वाड्यात जातातच. निर्वाणाचा गायक कर्ट कोबेन यानेही 1994 च्या सुरुवातीला छापून आलेल्या मुलाखतीत मोकळेपणाने सांगितलं होतं की हे गाणं करताना आपण मुळात पिक्सीजची नक्कल करत होतो. हळू आणि शांत, मग जोरात आणि कठोर, ही रीत त्यांच्याकडून घेतली. ज्याच्या तबकडीने जानेवारी 1992 मध्ये अमेरिकेच्या यादीत मायकल जॅक्सनला पहिल्या जागेवरून खाली आणलं, त्याच माणसाचे हे शब्द.

(दृश्य : बेसवाला एकटा, खाली बसून.)

आता पिक्सीज. बॉस्टन, 1986. कॉलेजात ओळख झालेले दोन मित्र, ब्लॅक फ्रान्सिस आणि जोई सँटियागो, बेसवाला शोधत होते. त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली. बेसवादक पाहिजे, हस्कर डू आणि पीटर, पॉल अँड मेरी दोन्ही आवडणारा. हस्कर डू म्हणजे मिनेसोटाचा कानठळ्या बसवणारा बँड. पीटर, पॉल अँड मेरी म्हणजे तिघांनी मिळून म्हटलेली साधी, हळुवार लोकगीतं. गोंगाट आणि कुजबूज, दोन्ही त्या एका ओळीत होतं. पुढच्या सगळ्या संगीताची कुंडली त्या जाहिरातीत मांडलेली होती, असं मला ती वाचताना दर वेळी वाटतं.

जाहिरातीला उत्तर एकच आलं, किम डीलचं. ती गिटार वाजवायची, बेस कधी वाजवलेला नव्हता. बहिणीचा बेस उसना आणून तिने सुरुवात केली. ड्रम्सवर डेव्हिड लव्हरिंग आला आणि चौघं झाले.

(दृश्य : बेसच्या जाड तारेवर बोट. एकच चाल.)

हे "जायगँटिक", 1988 च्या "सर्फर रोझा" या तबकडीतलं, किम डीलने गायलेलं. सुरुवातीला नुसता बेस. मग तिचा आवाज, शेजारच्या खोलीतून बोलल्यासारखा. धृपदाला गिटारी तुटून पडतात, आणि पुन्हा बेस. निर्वाणाच्या त्या गाण्याच्या तीन वर्षं आधी हा सगळा आराखडा इथे तयार आहे. हळू-जोरात हे पिक्सीजने शोधून काढलं असं मी म्हणणार नाही. पण तीन-चार मिनिटांच्या रॉक गाण्यात त्याची जागा त्यांनी इतकी नेमकी बसवली की पुढच्यांना ती जशीच्या तशी उचलता आली.

(दृश्य : गॅरेजमागची मोरी. बादली, तांब्या, आणि स्टँडवर माइक.)

ही मोरी आम्ही मुद्दाम शूट केली. "सर्फर रोझा" ध्वनिमुद्रित करणारा स्टीव्ह अल्बिनी कृत्रिम घुमारा वापरायला तयार नसे. किम डीलचा आवाज घुमायला हवा होता, तर त्याने गाणं स्टुडिओच्या बाथरूममध्ये नेलं. फरशीवरून, टाइल्सवरून परतणारा खरा आवाज त्याने पकडला. ठरलेली मजुरी तो घ्यायचा, रॉयल्टी नाही. कामाचा मोबदला घ्यावा, दुसऱ्याच्या गाण्यावर जन्मभर हक्क सांगू नये, असं त्याचं म्हणणं होतं.

आमच्या गायकाने हे ऐकलं आणि माइक उचलून थेट मोरीत गेला. हा त्याचा आवाज. वर कोणताही इफेक्ट लावलेला नाही. तांब्यातलं पाणीसुद्धा ऐकू येतंय.

1993 मध्ये निर्वाणाने "इन युटेरो" साठी याच अल्बिनीला बोलावलं. गायिका पीजे हार्वीची त्याने ध्वनिमुद्रित केलेली तबकडीही त्याच वर्षी आली.

(दृश्य : गिटारवाला पहिल्यांदाच बोलतो. मग वाजवतो.)

"रेडिओहेडचं काय?" बेसवाला विचारतो. उत्तर गिटारवाला हाताने देतो. "क्रीप", 1992. शांत कडवं, आणि धृपदाच्या उंबरठ्यावर खर्रक, खर्रक. तारा डाव्या हाताने दाबून मुक्या केल्यात आणि उजवा हात पूर्ण ताकदीने आपटतोय. रेडिओहेडचा गिटारवादक जॉनी ग्रीनवुड याला गाणं फारच मवाळ वाटत होतं, म्हणून त्याने मध्येच हा ओरखडा काढला. आज लोक गाणं त्या ओरखड्यावरून ओळखतात. रेडिओहेड पुढे फार लांब गेले, जॉनी तर 2015 मध्ये जोधपूरच्या मेहरानगड किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर वाजवायला आला. पण पिक्सीजचं ऋण त्यांनी कधी लपवलं नाही.

पिक्सीज 1993 मध्ये फुटले. फ्रान्सिसने ते रेडिओवर जाहीर केलं, साथीदारांना फोन आणि फॅक्स गेले. 2004 मध्ये चौघं पुन्हा एकत्र आले.

(दृश्य : मुंबई, धोबीतलाव. रंगभवनचं बंद फाटक. रहदारी.)

आपल्याकडे निर्वाणा घराघरांत पोहोचले, कारण 1991 पासून केबलवर एमटीव्ही दिसू लागला होता. पिक्सीज मागे राहिले. रंगभवन म्हणजे उघड्यावरचा रंगमंच. त्याच्या या फाटकाआड रॉक मशीन या मुंबईच्या बँडने, म्हणजे पुढच्या इंडस क्रीडने, गर्दी उभी केली होती. नंतर परिसर शांतता क्षेत्र ठरला आणि इथलं संगीत थांबलं.

(दृश्य : पुन्हा गॅरेज. संध्याकाळ. शटरखालून उजेडाची पट्टी.)

बेसवाला एक नाव आणखी घेतो, दिल्लीचा बँड इंडियन ओशन. नर्मदेकाठचं गाणं "मा रेवा" रॉकच्या मंचावर उभं राहू शकतं, हे त्यांनी दाखवलं. आपल्या भाषेत गायचं धाडस या चौघांना तिथून मिळालं, आणि यावर मात्र गॅरेजमध्ये कुणाचाच वाद नाही.

हे त्यांचं स्वतःचं गाणं. पहाटे नळाला पाणी येण्याची वाट पाहणाऱ्या बाईचं. कडवं अगदी हळू, भिंतीपलीकडचं कुणी जागं होऊ नये अशा आवाजात : आलं का गं, आलं का. बेस एकटा चालतोय. दोन सूर, थेंब पडावेत तसे.

(दृश्य : हायहॅटवरचा पाय. गिटारवाल्याचा अंगठा पेडलवर टेकलेला, अजून दाबलेला नाही.)

यांच्यापैकी तिघांनी या शूटिंगच्या आधी "सर्फर रोझा" ऐकलीही नव्हती.

(दृश्य : टाच उचलते. अंगठा खाली. लाल दिवा. गायक : "पाणी!" पुढे निवेदन नाही. गाणं पूर्ण चालू द्यावं.)