एका टाळीतला शब्द

नमस्कार, श्रोतेहो. परदेशात जाऊन लहान मुलांना इंग्रजी शिकवायचं ठरवलेली काही तरुण मंडळी आज ऐकत असतील. मला बोलायचंय ते मुख्यतः त्यांच्याशी.

मी साताऱ्याची. डी.एड. झाल्यावर जपानमधल्या एका प्राथमिक शाळेत सहायक इंग्रजी शिक्षिका म्हणून गेले. तिथं २०२० पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा रीतसर विषय आहे, वर्षाला ७० तास. तिसरी-चौथीला ३५ तास असतात आणि त्यात भर ऐकण्या-बोलण्यावर, गाण्यांवर, खेळांवर. वर्गशिक्षिका सोबत असतातच.

पहिल्याच दिवशी तिसरीवर गेले. तास ४५ मिनिटांचा, त्यातली निम्म्याहून जास्त मिनिटं मी एकटीच बोलले. मुलं गप्प. त्यांना काहीच कळत नाही असं वाटून मी आणखी मोठ्यानं आणि आणखी भराभर बोलत सुटले. नव्या शिक्षकाला वर्गातली शांतता सोसवत नाही. पण मुलं त्या शांततेत ऐकत असतात, शब्द मनात घोळवत असतात. मी त्यांना तेवढीही उसंत दिली नाही.

दुपारी पहिलीच्या मुलांबरोबर जेवायला बसले. तिथं जेवण वर्गातच असतं. पांढरे डगले घातलेली मुलंच सगळ्यांना वाढतात, मग हात जोडून ‘इतादाकिमास’ म्हणतात. भिंतीवर त्यांच्या अक्षरांचा तक्ता होता. शेजारच्या मुलीनं एकेका अक्षरावर बोट ठेवून मला वाचून दाखवलं: आ, इ, उ, ए, ओ. मग का, की, कु, के, को. पुढच्या ओळी स, त, न, ह, म, य, र, व यांच्या. मी थक्क झाले. हा क्रम तर माझ्या ओळखीचा! बौद्ध भिक्षू संस्कृत मंत्रांसाठी सिद्धम् लिपी शिकत असत, तिच्या वर्णक्रमाचा ठसा जपानी अक्षरांच्या मांडणीवर उमटला आहे, हे मला नंतर कळलं.

त्या तक्त्यानं माझे कान उघडले. जपानीत जवळजवळ प्रत्येक व्यंजनाला स्वराची सोबत लागते. शब्दाच्या शेवटी सुटा येतो तो फक्त ‘न्’. ल आणि र असे दोन वेगळे आवाजही नाहीत. त्यामुळे ‘मिल्क’चं ‘मिरुकु’ होतं. सकाळभर मी त्याला चूक म्हणत होते. माझी आजी स्टेशनला ‘ठेसन’ म्हणायची, तेव्हा तिच्या कानात दोष होता का? तिची जीभ मराठी वळणाची होती, इतकंच.

मग मी टाळ्यांवर आले. ‘मिरुकु’ला तीन टाळ्या: मि, रु, कु. इंग्रजी ‘मिल्क’ला एकच. मुलांना उच्चार समजावून सांगता येत नाही, टाळी मात्र लगेच कळते. कुणाला चूक म्हणावं लागत नाही. दोन्ही शब्द आपापल्या टाळ्यांसह खरे राहतात.

रंग शिकवतानाही असंच झालं. सिग्नलच्या चित्रातल्या हिरव्या दिव्याकडे बोट दाखवून एक मुलगा ‘ब्लू’ म्हणाला. मी मान हलवली, तो खट्टू होऊन खाली बसला. तास संपल्यावर वर्गशिक्षिकेनं हळूच सांगितलं की आमच्याकडे त्या दिव्याला ‘आओ’, म्हणजे निळा, असंच म्हणतात. त्यानं ‘आओ’चा इंग्रजी शब्द अगदी बरोबर सांगितला होता. त्या मान हलवण्याचं मला अजून वाईट वाटतं.

म्हणून जाणाऱ्यांनो, तिथल्या वर्गशिक्षकांना रोज काहीतरी विचारत जा. मुलांच्या भाषेतले रोजचे शब्द आधी शिका. कुत्रा जपानीत ‘वान-वान’ करतो आणि आपल्याकडे ‘भू-भू’, एवढ्यावरसुद्धा वर्ग खुलतो. आणि प्रश्न विचारलात की मनात दहापर्यंत आकडे मोजा. पहिले काही दिवस ते दहा आकडे फार लांब वाटतील. तरी मोजा.

पुढं एकदा चौथीत ‘स्ट्राइक’ शब्द निघाला. बेसबॉलमुळे तो सगळ्यांच्या तोंडी. जपानीत सु-तो-रा-इ-कु, पाच टाळ्या. इंग्रजीत एकच, असं सांगितल्यावर वर्गात गलका झाला. एवढं सगळं एका टाळीत कसं मावणार? घंटा झाली तरी मागची दोघं खटपट करतच होती. तेवढ्यात एकानं विचारलं, “सेन्सेई, तुमच्या भाषेत किती?”

मी आपल्या मराठी वळणानं शब्द म्हणून पाहिला, स्ट्रा-इक. टाळी दोनदा वाजली.