दोरी कुणाच्या हाताला लागते?

श्रोतेहो, नमस्कार. व्हीआर हेडसेट, म्हणजे आभासी जग दाखवणारा मोठा चष्मा, डोळ्यांवर चढवला की काय काय दिसतं, ते घरातल्या पोरांनी तुम्हाला दाखवलंच असेल. आज बोलायचंय ते दिसण्याबद्दल नाही, हाताला लागण्याबद्दल.

गणपतीत भाच्याने हेडसेट आणला होता. खेळ धनुष्यबाणाचा. दोन्ही हातांत एकेक कंट्रोलर, समोर दिसणारी दोरी मागे ओढली की कंट्रोलरमधली चिमुकली मोटर थरथरते. ताण नाही, ओढ नाही, नुसती थरथर. पहिला मान आत्याचा. मालिकेतली सून रडली की हिचा पदर डोळ्याला! आत्याने ओठ आवळले, खांदा मागे नेला, "अगं बाई, किती कडक ही दोरी!" बाण सुटला आणि ही आपली बोटं चोळत बसली. मग अण्णाकाका. सगळी हयात मोटर रिवाइंडिंगमध्ये गेलेली. त्यांनी दोरी ओढली, थांबले, आणि कंट्रोलर चक्क कानाला लावला. "मोटर ठीक आहे. दोरी कुठाय?" आत्या ओरडली, "अण्णा, अरे ओढ तरी!" "ओढलीच आहे. हाताला काही लागत नाही." आरतीची वेळ झाली तरी भावाबहिणीचा वाद चालूच.

आता बघा, मोटर तीच, थरथरही तीच. फरक माणसात. समोरच्या गोष्टीत स्वतःला विसरून रमण्याचा गुण प्रत्येकात कमीजास्त असतो. तो मोजायला टेलेगन आणि अ‍ॅटकिन्सन या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ साली प्रश्नावली मांडली. असा रमणारा माणूस आभासी जगात लवकर शिरतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय, सगळ्यांत नाही.

पण नुसतं रमून भागत नाही. १९९८ साली बॉट्विनिक आणि कोहेन यांनी माणसाचा हात पडद्याआड ठेवला, समोर रबरी हात मांडला आणि दोन्हींवर एकाच वेळी कुंचला फिरवला. बऱ्याच जणांना स्पर्श रबरी हातावर जाणवू लागला! कुंचले मागेपुढे फिरवले, की भास ओसरतो. म्हणजे डोळा आणि हात यांची वेळ जुळली पाहिजे. वेळ जुळली पाहिजे, आणि माणूसही रमणारा हवा.

जाता जाता सांगते, साडी हाताला लागल्याशिवाय घेऊ नये, या मताची मी आहे. फोनवर पोत कळत नाही, कितीही झूम करा.

तर हेडसेट घ्यायचा असेल, तर दुकानात स्वतः घालून बघा. भाच्याच्या शब्दावर जाऊ नका. नमस्कार.