बिनकागदाच्या मजुराची पगारपावती

(पहाट. धुक्यातलं शेत.)

वॅटसनव्हिल, कॅलिफोर्निया. गादीवाफे, वर मल्चिंग पेपर, खाली ठिबक. महाबळेश्वर-पाचगणीच्या माणसाला यात नवीन काही वाटणार नाही, नवल वाटेल ते पसाऱ्याचं. अमेरिकेत पिकणाऱ्या स्ट्रॉबेरीपैकी सुमारे ९० टक्के एकट्या कॅलिफोर्नियाची.

(हात. जवळून.)

फळ ओढायचं नाही. देठ दोन बोटांत धरून मनगटाचा झटका द्यायचा. हिरवी टोपी फळावरच राहिली पाहिजे, नाहीतर तिथून रस सुटतो आणि बुरशी धरते. तोडलेलं फळ थेट डबीत. धुणं नाही, पुन्हा निवडणं नाही. दुकानातली डबी उघडणारा हात हा फळाला लागणारा दुसराच हात.

पाउंडाच्या ८ डब्यांचा एक ट्रे, म्हणजे साडेतीन किलोच्या वर. तो एकचाकी गाड्यावर ठेवून सरीतून ढकलत न्यायचा आणि भरला की ट्रककडे पळायचं. पळायचं, कारण भर हंगामात मजुरी ट्रेमागे मिळते. तपासनीस डब्या बघतो, कार्ड स्कॅन होतं. मऊ फळ दिसलं तर ट्रे परत.

(शीतगृह. पंखे.)

इथे गार हवा डब्यांच्या भोकांतून ओढून फळ शून्य अंशाच्या आसपास आणतात. तोडल्यापासून इथे यायला तासाभराहून जास्त लागला, की फळाचं दुकानातलं आयुष्य घटत जातं.

देशभरात पिकांच्या शेतात राबणाऱ्या मजुरांपैकी सुमारे ४० टक्के बिनकागदाचे, म्हणजे अमेरिकेत काम करण्याचा कायदेशीर परवाना नसलेले परदेशी आहेत. ही पाहणी अमेरिकेच्या कामगार खात्याचीच.

(पगारपावती.)

बिनकागदाचा म्हणजे बिनकराचा नव्हे. १९८६च्या कायद्यानुसार मालकाला कामावर घेताना कागद पाहावे लागतात. पण ते वरकरणी खरे दिसले, की त्याची जबाबदारी संपते. उलट जादा कागद मागितले तर भेदभावाचा ठपका येऊ शकतो. फॉर्मवरचा सोशल सिक्युरिटी नंबर, म्हणजे सरकारी पेन्शन योजनेतला क्रमांक, दुसऱ्या कुणाचा असतो, नाहीतर कुणाचाच नसतो.

कपात मात्र खरी असते. आठवड्याची मजुरी ६०० डॉलर धरू. सोशल सिक्युरिटीचे ६.२ टक्के, म्हणजे ३७ डॉलर २० सेंट. मेडिकेअरचे, म्हणजे म्हातारपणच्या सरकारी आरोग्यविम्याचे, १.४५ टक्के, म्हणजे ८ डॉलर ७० सेंट. मालकही तेवढेच भरतो. दोघांचे मिळून आठवड्याला ९१ डॉलर ८० सेंट सरकारजमा.

वर्षअखेरीला नाव आणि नंबर जुळत नाहीत. तरी पैसे काही परत येत नाहीत, ते निधीतच राहतात. फक्त मजुरीची नोंद कुणाच्याच नावावर चढत नाही; ती 'अर्निंग्ज सस्पेन्स फाइल'मध्ये जाऊन पडते. बँकेतल्या सस्पेन्स खात्यासारखीच ही सोय, फरक इतकाच की इथे खातेदार कधी विचारायला येत नाही. त्याला पेन्शन नाही. अशा कामगारांमुळे २०१० या एका वर्षात निधीत सुमारे १२ अब्ज डॉलरची निव्वळ भर पडली, हा हिशेब सोशल सिक्युरिटीच्या मुख्य विमागणितींनी मांडलेला आहे.

या मजुरांच्या मुलांच्या शाळांचा आणि तातडीच्या उपचारांचा बोजा राज्यांवर पडतो, आणि कमी शिकलेल्यांची मजुरी काही ठिकाणी दबते, हेही खरं.

(जुनी कृष्णधवल चित्रफीत.)

ही माणसं कायद्यानं आणण्याची सोय एकेकाळी होती. १९४२पासून मेक्सिकोशी ब्रासेरो करार होता; त्यावर ठरावीक मुदतीसाठी येणारे मेक्सिकन मजूर म्हणजे ब्रासेरो. देशी मजुराची मजुरी वाढेल या आशेनं १९६४अखेर तो बंद केला. अर्थतज्ज्ञांनी पुढे आकडे ताडून पाहिले. जिथे ब्रासेरो जास्त होते, तिथे मजुरी काही वेगळी वाढलेली दिसली नाही. त्याऐवजी प्रक्रियेच्या टोमॅटोला तोडणीयंत्र आलं, आणि यंत्राचा मार सोसणारं, एकदम पिकणारं वाणही आलं.

(पुन्हा शेत. ऊन.)

स्ट्रॉबेरी एकदम पिकत नाही. पिकलेलं फळ, कच्चं फळ आणि फूल एकाच रोपावर, तेही पानाआड. यंत्रांच्या चाचण्या चालू आहेत. या सरीत परवा-तेरवा पुन्हा तोडणी.