दहा गुंठ्यांचा खोडवा

नमस्कार श्रोतेहो.

उसाची तोड झाली की जमिनीत राहिलेले बुडखे, म्हणजे उसाचे खुंट, पुन्हा फुटतात, तो खोडवा. त्यांच्यावर रानात पाल्याचा थर उरतो, आणि दिवस मावळायच्या आत कुणीतरी काडी ओढतं. कागल असो, हातकणंगले असो की शिरोळ, हंगामात धूर दिसतोच. पाला जाळू नये हे शेतकऱ्याला ठाऊक आहे. फलक आणि मेळावे पुष्कळ झाले. अडतं ते हातांवर आणि मापावर. म्हणून आजचं बोलणं गावोगावच्या स्वयंसेवी संस्थांशी आणि बचत गटांशी.

या वाळल्या पाल्यालाच पाचट म्हणतात. हेक्टरी 8 ते 10 टन पाचट निघतं. दहा गुंठे म्हणजे हेक्टरचा दहावा भाग, तेव्हा तिथं एक टन धरा. ते न जाळता रानातच कुजवायला 8 किलो युरिया, 10 किलो सिंगल सुपर फॉस्फेट आणि 1 किलो पाचट कुजवणारं जिवाणू संवर्धक लागतं. युरियाची गोणी येते 45 किलोची. वीस गुंठेवाल्याला हवा 16 किलो. मग तो एकतर गोणी रिकामी करतो, नाहीतर घेतच नाही. एक गोणी 55 गुंठ्यांना पुरते. दोन-तीन घरं जोडून द्या, एवढ्यानंही काम पुढं सरकतं. खत मात्र संस्थेनं विकायला जाऊ नये, त्याला परवाना लागतो. गोणी शेतकऱ्यांनीच घ्यावी आणि वाटून घ्यावी.

पाल्यात कर्ब भरपूर, नत्र कमी. कुजवणारे जिवाणू नत्र जमिनीतून ओढतात आणि कोवळा खोडवा पिवळा पडतो. युरिया त्यासाठी. तो टाळला की "पाला ठेवला नि ऊस बसला" ही तक्रार येते, आणि दोष पाल्यावर जातो.

आता काम. बुडख्यांवरचा पाला ओढून सरीत दाबा. बुडखे धारदार कोयत्यानं जमिनीलगत छाटा. उंच ठेवले तर वरचे डोळे फुटतात. त्यांची मुळं वरवरची, फुटवा कमजोर. छाटलेल्या बुडख्यांवर 10 लिटर पाण्यात 10 ग्रॅम कार्बेन्डाझिम हे बुरशीनाशक घेऊन फवारा. पाल्यावर युरिया आणि सुपर टाका. संवर्धक युरियात कालवू नका, ते कुजलेल्या शेणखतात मिसळून वेगळं फेका. मग पाणी द्या आणि पाला पायानं तुडवा. मातीला चिकटलेला पाला लवकर कुजतो, अधांतरी राहिलेला तसाच वाळतो.

संवर्धकाची पाकिटं पत्र्याच्या शेडात पडून राहिली तर उन्हानं जिवाणू मरतात. लागेल तेवढीच मागवा, वापराची मुदत बघा.

पाल्यामुळं रासायनिक खत फोकता येत नाही, पहारीनं द्यावं लागतं. बुडख्यापासून 10 ते 15 सेंटिमीटरवर, 15 ते 20 सेंटिमीटर खोल, दर 30 सेंटिमीटरला एक भोक. पहिला हप्ता 15 दिवसांत, दुसरा साधारण 135 दिवसांनी समोरच्या बाजूला. खरी मेहनत इथंच आहे, आणि मदत बहुतेकदा इथंच संपलेली असते. मोफत पाकिटं वाटण्यापेक्षा दोघींची एक अशा पहारीच्या जोड्या उभ्या करा: एकीनं भोक पाडायचं, दुसरीनं खत सोडून टाचेनं माती दाबायची. मजुरी आधी ठरवा, त्याच दिवशी द्या.

राहता राहिला शेजाऱ्याचा बांध. त्यानं पेटवलं तर आपलाही पाला जातो. बांधालगतच्या दोन सऱ्यांतला पाला आत ओढून घ्या आणि त्या सऱ्या ओल्या ठेवा.