हात गुंतलेले, कान मोकळे

मंडळी, कुठलं काम करताना कुठलं पुस्तक ऐकावं यावर बोलेन, असा शब्द मी संयोजकांना दिला आहे. त्याकडे येतेच. पण आधी थोडं मागे जाऊ द्या.

मी कित्येक वर्षं जुन्या कागदपत्रांचं स्कॅनिंग केलं. पान उलटायचं, बोटानं सुरकुती काढायची, काच खाली, बटण, काच वर. पुन्हा पान. हात गुंतलेले, डोळे अर्धे गुंतलेले आणि डोकं दिवसभर मोकळं. मोकळं डोकं कुठे कुठे भरकटतं, हे असं काम केलेल्यांना सांगायला नको. त्याच दिवसांत मला लिब्रिव्हॉक्स सापडलं, म्हणजे हौशी माणसांनी मोठ्यानं वाचलेली पुस्तकं ऐकायची इंटरनेटवरची जागा. ऑगस्ट २००५ मध्ये मॉन्ट्रियलच्या ह्यू मॅग्वायर यांनी हाक दिली, काही हौशी लोक जमले आणि जोसेफ कॉनरॅडची एक कादंबरी त्यांनी प्रकरणं वाटून घेऊन वाचली. तिथून सुरुवात. आज त्या यादीत वीस हजारांहून जास्त ध्वनिमुद्रणं आहेत. वाचणारे, तपासणारे, जुळवाजुळव करणारे, सगळे बिनपगारी. ऐकणाऱ्यालाही पैसा पडत नाही.

आता ज्यासाठी मागे गेले ते सांगते. एक लांबलचक कादंबरी ऐकत होते. दर दोन-तीन प्रकरणांनी वाचणारा बदलायचा. एकानं नायकाचं नाव एका तऱ्हेनं उच्चारलं, दुसऱ्यानं भलत्याच, आणि तिसऱ्या प्रकरणात वाटावं की हा कोणी नवाच माणूस गोष्टीत शिरला! (हसू नका, तुमच्यातल्या निम्म्यांचं हे झालेलं आहे.) मधल्या एका प्रकरणाला एक वयस्क बाई होत्या. सर्दीनं बसलेला आवाज, संथ वाचन. त्या कागदावरून वाचत असाव्यात, कारण मध्येच पान उलटल्याचा आवाज आला. अगदी त्याच क्षणी मी माझं पान उलटलं. माझा हात काचेवर तसाच राहिला. कुठल्या देशातली, कुठल्या घरातली ही बाई, तिच्या मोकळ्या वेळात माझ्यासाठी पान उलटते आहे! त्या दिवसापासून कामाचा कंटाळा आला नाही असं म्हणणार नाही, पण एकटं वाटणं थांबलं.

आणि नेमकं तेव्हाच वरिष्ठांनी हेडफोन बंद करायला लावले. कारण काय, तर लक्ष विचलित होतं. माझं चुकलेलं एक पान दाखवा म्हटलं, कोणी दाखवलं नाही. ‘लक्ष विचलित होतं’ हे शब्द मला पुढे एका जुन्या हकिकतीत भेटले. १८६५ मध्ये हवानाच्या एल फिगारो सिगार कारखान्यात कामगार तंबाखूची पानं वळत बसलेले असताना एक जण मोठ्यानं वाचून दाखवू लागला. त्याचा मोबदला कामगार स्वतःच्या खिशातून द्यायचे. प्रथा भराभर पसरली आणि पुढच्याच वर्षी सरकारनं बंदी घातली. हुकमात कारण काय? कामगारांचं लक्ष विचलित होतं! ती बंदी टिकली नाही. क्यूबातल्या सिगार कारखान्यांत असे वाचून दाखवणारे आजही आहेत.

माझी दुसरी तक्रार ऐकणाऱ्यांबद्दल आहे. ‘आवाज तयारीचा नाही’ म्हणून पाच मिनिटांत बंद करणारे लोक. अहो, लिब्रिव्हॉक्सवर आवाजाची परीक्षा घेतच नाहीत, आणि हे धोरण विचारपूर्वक ठरवलेलं आहे. एक मिनिटाचा नमुना मागतात, तो फक्त तांत्रिक बाजू पाहायला. तपासणारा चुकलेली, गाळलेली, दोनदा वाचलेली ओळ पकडतो. शैलीवर तो बोलत नाही, वाचकानं आपणहून विचारलं तरच सांगतो. तयार नट कान खेचून घेतो, मग हात मंदावतात. साधा आवाज शेजारी बसतो आणि हाताला त्याच्या गतीनं चालू देतो.

चिठ्ठी आली आहे, पाचच मिनिटं उरलीत. तेव्हा कबूल केलेलं भराभर सांगते.

शिवण, चिकटकाम, वर्गवारी, साफसफाई अशा हातच्या कामांना लांब कादंबरी लावा, शक्यतो एकाच वाचकाची. सारखं थांबून उठावं लागत असेल तर लघुकथा. कविता कामात ऐकू नका, हात थांबतात. आणि पत्र लिहिणं, हिशेब जुळवणं, मजकूर वाचणं चालू असेल तर काहीच लावू नका. शब्दांचं काम आणि कानातले शब्द एकमेकांना ढकलतात, दोन्ही वाया जातात. यंत्राजवळ असाल तर दोन्ही कान उघडे ठेवा, पुस्तक घरी ऐका.

पुस्तकं जुनीच का, हा प्रश्न येणार. लिब्रिव्हॉक्सवर अमेरिकेचा कायदा पाळतात. प्रकाशनाला ९५ वर्षं उलटून गेलेली पुस्तकं तिथे निर्धास्त वाचता येतात, आणि तयार झालेलं ध्वनिमुद्रणही सर्वांच्या मालकीचं होतं.

वाचायची इच्छा असेल त्यांनी घरच्या संगणकावर ऑडॅसिटी हे ध्वनिमुद्रणाचं सॉफ्टवेअर उघडा, पंखा बंद करा, प्रकरण संपल्यावर पाच सेकंद शांतता ठेवा. वाचायला धीर होत नसेल तर तपासायला बसा, तिथेही माणसं लागतात. ते कामही ऐकण्याचंच आहे, फक्त पुस्तकाचं पान समोर उघडं ठेवावं लागतं.