चिठ्ठी आणि बारकी गोळी

नमस्कार श्रोतेहो.

माझं औषधांचं दुकान आहे. आपल्याकडे ज्याला नुसतं 'मेडिकल' म्हणतात, ते. संध्याकाळी सातनंतर काउंटरवर एक वाक्य हमखास कानावर येतं. आजूबाजूला कुणी ओळखीचं नाही ना, हे बघून आणि आवाज खाली आणून, "ती झोपेची बारकी गोळी द्या ना एक पट्टी. चिठ्ठी घरी राहिली." चिठ्ठी निघते दीड वर्षापूर्वीची, आणि तिच्यावर लिहिलेलं असतं, 'दहा दिवस'.

ही बारकी गोळी म्हणजे चिंता, घाबरणं आणि झोप न येणं यांवर दिली जाणारी अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम किंवा त्यांचंच एखादं भावंड. मेंदूत गाबा नावाचं एक रसायन ब्रेकचं काम करतं, त्या ब्रेकला ही गोळी जोर देते. तासाभरात धडधड बसते, हातांची थरथर थांबते. इतक्या लवकर गुण येतो, तिथेच माणूस अडकतो. काही आठवड्यांत शरीर सरावतं आणि तेवढ्या डोसने भागेनासं होतं. एकदम बंद केली तर झोप उडते, घाबरणं पूर्वीपेक्षा वाढतं, काहींना फिटही येते. मग माणूस म्हणतो, "बघा, गोळी नसली की माझा आजार उसळतो." पुष्कळदा तो आजार नसतोच, गोळी एकदम बंद केल्याचा त्रास असतो.

याच जातीची डायझेपाम 1963 साली बाजारात आली, तेव्हा बार्बिट्युरेट नावाच्या जुन्या झोपेच्या औषधांपेक्षा ती सुरक्षित म्हणून तिचं कौतुक झालं. सवयीचं प्रकरण लक्षात यायला पुढे बरीच वर्षं गेली. आपल्याकडे 1 मार्च 2014 पासून अल्प्राझोलाम, डायझेपाम वगैरे औषधं एच-वन यादीत, म्हणजे चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या सरकारी यादीत आहेत. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती गोळ्या दिल्या, हे सगळं वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहून तीन वर्षं जपायचं. म्हणून आम्ही चिठ्ठी मागतो. सगळेच मागत नाहीत, हेही खरं. तो आमच्या धंद्याचा दोष.

घरात सत्तरीचं माणूस ही गोळी घेत असेल, तर रात्री बाथरूमच्या वाटेवर दिवा ठेवा. तोल जातो, खुब्याचं हाड मोडतं. विसरभोळेपणा वाढला, तर तो वयावर ढकलण्याआधी गोळ्यांची पिशवी डॉक्टरांपुढे उपडी करा. आणि या गोळीवर दारू अजिबात नाही. दोन्ही मिळून श्वासच मंदावतो.

दुसऱ्या जातीच्या गोळ्या म्हणजे एस्सिटालोप्राम, सर्ट्रालीन. चिंतेच्या आजारावर लांब पल्ल्याच्या उपचारासाठी डॉक्टर बहुधा या देतात. यांचं वागणं नेमकं उलटं. आधी त्रास, मग गुण. पहिल्या आठवड्यात मळमळ, पोट बिघडणं, कधी बेचैनी उलट वाढते. खरा फरक दिसायला दोन ते सहा आठवडे लागतात. आणि आमच्याकडे दहाव्या दिवशी माणूस उरलेली पट्टी परत घेऊन येतो, "ही मला मानवत नाही, ती बारकीच द्या." जी धरून ठेवायची ती सोडली, जी लवकर सोडायची ती धरली!

शरीरसंबंधाची इच्छा कमी होणं, हाही या गोळ्यांचा एक परिणाम. लाजेपोटी डॉक्टरांना कुणी सांगत नाही, परस्पर गोळीच बंद होते. सांगा हो. डोस बदलता येतो, औषध बदलता येतं. परस्पर बंद केलीत, तर चक्कर येते, डोक्यात करंट मारल्यासारखं होतं. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींना या गोळ्या नव्याने सुरू झाल्या असतील, तर पहिले काही आठवडे घरच्यांनी लक्ष ठेवावं. जिवाचं बरंवाईट करण्याचे विचार बोलण्यात आले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. आणि गुडघेदुखीसाठी डायक्लोफेनॅक मागताना आम्हाला सांगा की ही गोळी चालू आहे. दोन्ही एकत्र झाल्या की पोटात रक्तस्राव व्हायची भीती वाढते.

भाषणाआधी हात कापतात म्हणून मित्राकडून प्रोप्रानोलोल, म्हणजे धडधड आणि थरथर कमी करणारी गोळी, मागून घेणारेही भेटतात. दमा असेल, तर तसलं धाडस नको.

आमच्याकडे एक निवृत्त मास्तर येतात. सहा वर्षं रोज एक बारकी गोळी. डॉक्टरांनी ती एकदम बंद केली नाही, थोडीथोडी कमी करत नेली. मधे एकदा मास्तर चिडून आले होते, झोप येत नाही म्हणून. मी त्यांना परत डॉक्टरांकडेच पाठवलं. परवाच्या चिठ्ठीवर होती पाव गोळी. आता ती पाव कशी कापायची, यावर काउंटरवर आमचा अर्धा तास गेला.

नमस्कार.