धुक्यात पक्षी ऐकावेत

नमस्कार, श्रोतेहो.

वसंतात डोंगरावर पक्षी बघायला जावं आणि पहाटे दार उघडल्यावर समोरचं झाडसुद्धा दिसू नये, असं हमखास होतं. मग मंडळी दुर्बिणी गुंडाळून ठेवतात आणि चहाची दुसरी फेरी सुरू होते. माझं म्हणणं, चहा घ्या, पण बाहेर येऊन घ्या. वसंत हा गाण्याचा हंगाम. नर आपली हद्द राखायला आणि जोडीदारीण मिळवायला गात असतात. एरवी ऊन चढलं की गाणं ओसरतं. धुक्यात उजेड मंदच राहतो आणि पहाटेची ही मैफल बरेचदा लांबते.

धुकं आवाज गिळून टाकतं, असं आपल्याला वाटतं. खरं तर पाण्याचे ते बारीक थेंब आवाजाला फारसे अडवत नाहीत. वारा पडलेला असला, तर पलीकडच्या उतारावरची हाकही स्पष्ट येते. मात्र खर्जातला आवाज लांब जातो आणि बारीक, तार स्वरातला पानापानांत विरतो. म्हणून दरीपलीकडून ऐकू येतो तो कोकीळकुळातला पक्षी किंवा घुबड. चिमुकल्या वटवट्याची चिवचिव कानावर आली, तर तो जवळच्याच झुडपात आहे असं समजा.

आता हिमालयाचंच बघा. एप्रिल-मे महिन्यांत तिथल्या जंगलात कोकीळकुळातले तीन-चार पक्षी एकाच वेळी ओरडत असतात. पाठ राखाडी, पोटावर आडव्या रेघा. लख्ख उन्हातही त्यांतले काही ओळखताना भलेभले अडखळतात. आवाज मात्र प्रत्येकाचा वेगळा. एक सरळ ‘कुक्-कू’ म्हणतो, दोनच सूर. दुसऱ्याची हाक चार सुरांची, शेवटचा सूर खाली उतरणारा. तिसरा घुमल्यासारखा ‘हूप, हूप’ करतो. आणि आपल्या पावशाचा थोरला भाऊबंद एकच ओळ वरच्या-वरच्या पट्टीत नेत नेत अगदी टिपेला पोचतो. धुक्याने इथे तुमचं काय हिरावलं? काहीच नाही! अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये गिल्बर्ट व्हाइट या निसर्ग-अभ्यासकाने एकसारखे दिसणारे तीन वटवटे वेगळे ओळखले, तेही मुख्यतः गाण्यावरून.

तेव्हा चालत सुटू नका. ओढ्याकाठची किंवा जंगलाच्या कडेची एक जागा धरा आणि तिथेच थांबा. कानांमागे तळहात धरून हळूहळू डोकं फिरवा. आवाज कुठून येतोय ते लगेच उमगतं. ओढ्याच्या खळखळाटातही शीळकरी कस्तुराची शीळ ऐकू येते, कारण ती त्या खळखळाटाच्या वरच्या पट्टीत असते. पण आवाजामागे पायवाट सोडून जाऊ नका. धुक्यात कडा दिसत नाही.

नजरेलाही थोडं मिळतंच. गारठ्यात किडे सुस्तावतात, खाली राहतात. मग एरवी शेंड्यावर असणारे माशीमार वाटेच्या कडेला, अगदी कमरेच्या उंचीवर उतरतात. मात्र आकाराच्या बाबतीत सावध राहा. धुक्यातली वस्तू आहे त्याहून लांब भासते आणि म्हणून मोठीही. फांदीवर बसलेलं साधं कबुतर शिकारी पक्षी वाटू शकतं.

दुर्बीण आठ पटींची बरी. ८×४२ च्या, म्हणजे आठ पट मोठं दाखवणाऱ्या आणि पुढचं भिंग ४२ मिलिमीटर व्यासाचं असलेल्या दुर्बिणीतून डोळ्यात येणारा प्रकाशाचा झोत सव्वापाच मिलिमीटरचा असतो, १०×४२ मध्ये ४.२ चा. मंद उजेडात हा फरक जाणवतो. दुर्बीण डोळ्यांना लावून उच्छ्वास सोडू नका, भिंगावर लगेच वाफ धरते. नायट्रोजन भरलेल्या दुर्बिणीला आतून बाष्प धरत नाही, बाहेरची भिंगं मात्र पुसावीच लागतात.

एक गोष्ट मला अजिबात खपत नाही. पक्षी दिसत नाही म्हणून मोबाइलवर त्याचा आवाज वाजवायचा. तो बिचारा प्रतिस्पर्धी आला समजून भांडायला येतो, अन् विणीच्या दिवसांत त्याचा वेळ आणि ताकद फुकट जाते.

धुकं विरायला लागलं की मात्र वाळक्या झाडांचे शेंडे बघा. भिजलेले पक्षी पिसं सुकवायला तिथे येऊन बसतात. घारी-गरुड त्यानंतर, जमीन तापून हवा वर चढू लागल्यावर. वहीत नोंदी पेन्सिलीने करा, शाई ओलीने पसरते. आणि नुसताच ऐकलेला पक्षी असेल, तर त्याच्यापुढे ‘ऐकला’ असं लिहा. तीही पक्की नोंदच असते.

नमस्कार.